तिशीनंतर पाना हाती घेणाऱ्यांचा प्रश्न

आपल्या मध्यमवर्गीय घरांत दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. पहिली अशी की, नळ गळू लागला तर प्लंबर वेळेवर मिळत नाही, मिळालाच तर मागेल ते दाम मोजावे लागतात आणि केलेले काम महिनाभरही टिकत नाही. दुसरी अशी की, मुलगा पदवीधर होऊन आठ वर्षे लोटली तरी त्याला धड उद्योग नाही. या दोन्ही तक्रारी एकाच दिवाणखान्यात, पुष्कळदा एकाच संध्याकाळी होतात. परंतु त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल अशी शंका सहसा कोणास येत नाही. एकीकडे मागणी पुरी होत नाही, दुसरीकडे पुरवठा पडून आहे, आणि दोहोंच्या मध्ये एक भिंत उभी आहे. ही भिंत कोणी व कशाने बांधली, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रारंभीच एक खुलासा करावयास हवा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, जावे की महाविद्यालयात, हा वाद जुना आहे व त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे विचार करावयाचा आहे तो तीस-पस्तीस, प्रसंगी चाळीस वर्षांच्या स्त्री-पुरुषांचा. संसार मागे लागलेला आहे, पूर्वीचा मार्ग खुंटला आहे आणि आता नळकाम शिकून नव्याने उभे राहावे असे ज्यांना वाटते, त्यांना आपली व्यवस्था काय उत्तर देते? वास्तविक पाहता ती उत्तरच देत नाही. कारण शिकणारा म्हणजे बापाच्या घरी जेवणारा पोरगा, हे गृहीत धरूनच ती उभारलेली आहे.

असे प्रौढ उमेदवार किती असणार, असा प्रश्न कोणी विचारील. महाराष्ट्राला तरी हा प्रश्न नवा वाटू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांपैकी फार मोठ्या संख्येला गिरणीचा दरवाजा पुन्हा दिसला नाही. साच्यावर वीस वर्षे काढलेला चाळिशीतला माणूस यंत्राची भाषा जाणत होता. त्याला दुसरे कसब शिकविणे अशक्य नव्हते. परंतु त्याच्यासाठी शाळाच नव्हती. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी पहारेकरी झाला, कोणी गावी परतला. एका पिढीचे कौशल्य अशा रीतीने मातीमोल झाले.

आज गिरणी कामगाराच्या जागी दुसरे लोक आले आहेत. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी खुल्या प्रवर्गाला ३८ वर्षांपर्यंत व मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत वयोमर्यादा आहे. ही मर्यादा वाढविली तेव्हा सर्वांनी तिचे स्वागत केले. पण तिचा दुसरा अर्थ असा की, जागा मोजक्या आणि उमेदवार लाखोंनी, अशा परीक्षेच्या मांडवात माणूस वयाच्या चाळिशीपर्यंत बसून राहू शकतो. तेथून उठल्यावर पुढे काय? २०२० सालच्या टाळेबंदीत दुकान मोडलेला छोटा व्यापारी, कंत्राट संपलेला कारकून आणि दोन एकरांवर भागत नाही म्हणून तालुक्याला आलेला शेतकरी हेही याच रांगेत उभे आहेत.

नळकामात शिकण्यासारखे काय आहे?

नळकाम म्हणजे पाइपाला पाइप जोडणे, अशी सुशिक्षितांची समजूत असते. 'प्लंबर' हा शब्द शिसे या अर्थाच्या 'प्लंबम' या लॅटिन शब्दापासून आला. युरोपात एके काळी नळ शिशाचे असत. शिसे गेले, लोखंड आले. लोखंडावर जस्ताचा मुलामा चढला. आता बव्हंशी प्लॅस्टिकच्या विविध जाती वापरात आहेत. प्रत्येक पदार्थाची रीत निराळी. जस्ती पाइपाला आटे पाडावे लागतात, त्यांवर ताग गुंडाळून सफेदा लावावा लागतो. सीपीव्हीसीचा पाइप काटकोनात कापून, त्याची कड साफ करून, द्रावण लावून सांधा घट्ट धरावा लागतो आणि तो पुरता सुकेपर्यंत त्यातून पाणी सोडता येत नाही. साधा पीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही. हे ज्याला ठाऊक नाही त्याचे काम गिझर सुरू होईपर्यंत उत्तम दिसते.

याहून महत्त्वाचे ते डोळ्यांना न दिसणारे शास्त्र. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम दाब. तोटी गच्चीवरील टाकीच्या पाण्याच्या पातळीपासून तीनच मीटर खाली असेल तर तेथे जेमतेम ३०० ग्रॅम दाब मिळणार. वरच्या मजल्यावरील फवारा रडतो याचे कारण बहुधा फवाऱ्यात नसते, ते टाकीच्या उंचीत असते. अर्ध्या इंचाचा पाइप काढून एक इंचाचा घातला तर छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट होत नाही, चौपट होते. मोरीखालच्या वाकड्या नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये, सुमारे ५० मिलिमीटर पाणी सतत उभे असते. गटारातील वायूंना घरात येण्यापासून अडविणारे ते एकमेव दार होय. हवेचा नळ योग्य जागी दिला नाही तर वरच्या मजल्याचा लोंढा हे पाणी ओढून नेतो आणि घरात दुर्गंधी येते. मग घरमालक फिनेलच्या बाटल्या आणीत बसतो.

हे सारे शिकण्यास किती काळ लागतो? आयटीआयमधील हा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. हात बसण्यास त्यानंतर आणखी एक-दोन वर्षे उस्तादाच्या हाताखाली जातात, असे या धंद्यातील जाणकार सांगतात. म्हणजे पस्तिसाव्या वर्षी आरंभ करणारा अडतिसाव्या वर्षी स्वतंत्रपणे काम घेऊ शकेल आणि पुढे वीस-बावीस वर्षे त्यावर जगेल. पदवीसाठी आपण जी वर्षे खर्चितो त्यांच्या मानाने हा सौदा वाईट नव्हे. प्रौढाच्या काही बाजू लंगड्या असतात: गुडघे पूर्वीसारखे वाकत नाहीत, वयाने दहा वर्षे लहान असलेल्या उस्तादाचे बोलणे ऐकून घेणे जड जाते. पण त्याच्या जमेच्या बाजूही आहेत. त्याला हिशेब येतो, नकाशा समजावून घेता येतो, गिऱ्हाइकाशी नीट बोलता येते आणि दिलेली वेळ पाळण्याचे मोल कळते. प्लंबरविषयीच्या आपल्या बहुतेक तक्रारी नेमक्या या गुणांच्या अभावाच्याच असतात.

शिकण्याचा खर्च कोणी सोसावा?

आता मुख्य अडचणीकडे वळू. एक काल्पनिक हिशेब मांडू. एखादा माणूस कुरिअरच्या दुकानात महिना १५,००० रुपये मिळवितो. नळकाम शिकण्यासाठी तो उस्तादाचा मदतनीस झाला तर त्याला ८,००० मिळतील असे धरू. महिन्याला ७,००० रुपयांची तूट, दोन वर्षांत १ लाख ६८ हजार रुपयांची. शिक्षणाची फी शून्य असली तरी हे शिक्षण फुकट नाही. सोळा वर्षांच्या मुलाला ही तूट येत नाही, कारण तो काही मिळवीतच नव्हता. प्रौढाच्या बाबतीत मात्र ही तूट त्याच्या मुलांच्या दुधातून आणि घरभाड्यातून भरून निघावयाची असते. माझ्या माहितीतील एक वाणिज्य पदवीधर चौतिसाव्या वर्षी या धंद्यात शिरू पाहत होता. चार महिन्यांत तो परत फिरला. काम जमत नव्हते म्हणून नव्हे. तोपर्यंत पत्नीचे दागिने गहाण पडले होते.

उस्तादाने त्याला अधिक पैसे का देऊ नयेत? गॅरी बेकर यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या 'ह्यूमन कॅपिटल' या ग्रंथात याचे उत्तर सापडते. जे कौशल्य कोठेही उपयोगी पडते ते शिकविण्याचा खर्च मालक स्वतः सोसणार नाही. शिकून तयार झालेला माणूस उद्या शेजारच्या मालकाकडे जाऊ शकतो, म्हणून तो खर्च शिकणाऱ्याच्याच कमी वेतनातून वसूल होतो. नळकाम हे असे कौशल्य आहे. तेव्हा उस्ताद दुष्ट आहे असे समजण्याचे कारण नाही. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. बाजारावर सोपवून हा प्रश्न सुटणार नाही, एवढेच यातून सिद्ध होते.

ॲडम स्मिथ यांनी तर १७७६ सालीच या व्यवस्थेच्या दुसऱ्या दोषावर बोट ठेवले होते. इंग्लंडात १५६३ च्या कायद्याने सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. एवढा दीर्घ काळ अनावश्यक आहे, शिकाऊ माणसाला पहिल्या दिवसापासून त्याने केलेल्या कामाचे दाम द्यावे आणि त्याने बिघडविलेल्या मालाचे पैसे त्यातून कापावेत, म्हणजे तो लवकर व मन लावून शिकेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या कायद्यातील उमेदवारीची कलमे १८१४ साली रद्द झाली. आपल्याकडे मात्र 'आधी दोन वर्षे सामान वाहा, मग पाना हाती देऊ' ही रीत कायदा नसतानाही चालू आहे.

कायद्याच्या जाळीची छिद्रे

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. त्यात किमान वयाची अट आहे, कमाल वयाची नाही. परंतु २०१९ साली सुधारलेल्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेवर शिकाऊ उमेदवार घेण्याची सक्ती आहे आणि चार ते एकोणतीस माणसे असणाऱ्यांना ती ऐच्छिक आहे. आता नळकामाचा कंत्राटदार डोळ्यांपुढे आणा: एक उस्ताद, एक कारागीर, एक मदतनीस. तिघांची ही तुकडी कायद्याच्या जाळीतून अलगद निसटते. ज्या धंद्यात सारे शिक्षण अशा तुकड्यांतच होते, तेथे हा कायदा असून नसल्यासारखा आहे.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ साली जाहीर झाली. तिच्यात वयाची मर्यादा १८ ते ३५ ठेवण्यात आली. विद्यावेतन बारावी उत्तीर्णास ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये ठरले. छत्तिसाव्या वर्षी मार्ग बदलू पाहणारा माणूस तिच्या बाहेरच राहिला. शिवाय हातात कसब असलेल्यापेक्षा पदवी असलेल्यास दोन हजार रुपये अधिक देऊन शासनाने स्वतःच सांगून टाकले की प्रतिष्ठा कशाला आहे. २०२३ च्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, गवंडी, शिंपी आहेत, प्लंबर नाही. अनुभवी कारागिराची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची केंद्राची सोय चांगली आहे. पण ती ज्याला काम येते त्याच्यासाठी आहे, ज्याला शिकावयाचे आहे त्याच्यासाठी नव्हे.

कायदा जेथे पोहोचत नाही तेथे नातेगोते पोहोचते. ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातील पट्टामुंडाईचा परिसर देशभर प्लंबरांचा मुलूख म्हणून ओळखला जातो. मुंबई-दिल्लीपासून आखाती देशांपर्यंत तेथील कारागीर आढळतात. काकाने पुतण्याला, मेहुण्याने मेहुण्याला आणावयाचे, आपल्या खोलीत ठेवून जेवू घालावयाचे आणि शिकवावयाचे, अशी ही परंपरा आहे. ओडिशा सरकारने तेथे नळकामाची स्वतंत्र संस्थाही काढली. शिकण्याच्या काळातली तूट कोणीतरी सोसावी लागते. तेथे ती नात्याने सोसली, हे या यशाचे मर्म आहे. ज्याचा काका प्लंबर नाही, त्याने काय करावे?

एक गंभीर आक्षेप

या विवेचनावर एक आक्षेप येईल आणि तो हलक्याने घेण्याजोगा नाही. नळ आणि गटार ही जोडीची कामे आहेत. आपल्या समाजाने मैल्याशी संबंधित कामे शतकानुशतके विशिष्ट जातींच्या माथी मारली. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली तो पुन्हा अधिक कडक करावा लागला, तरी गटारात गुदमरून माणसे मरतच आहेत. अशा समाजात कोणी प्राध्यापक 'हाताचे काम शिका' असा उपदेश करू लागला की ऐकणारा साहजिकच विचारतो, हा उपदेश कोणाच्या मुलांसाठी? वर्ध्याच्या १९३७ सालच्या परिषदेतून पुढे आलेली उद्योगकेंद्री शिक्षणाची कल्पना रुजली नाही, याचेही एक कारण हेच की ती गरिबांची व खेड्यांची शिक्षणपद्धती ठरली आणि वरच्या वर्गाने आपली मुले तिच्यापासून दूर ठेवली.

म्हणूनच प्रौढाचा प्रश्न वेगळा मानला पाहिजे. चौदाव्या वर्षी मुलाला 'तू प्लंबर हो' असे सांगणे म्हणजे त्याचे दार बंद करणे होय. पस्तिसाव्या वर्षी जो स्वतः निवड करतो त्याला अडविणे म्हणजेही दार बंद करणेच. पहिली गोष्ट टाळण्यासाठी दुसरी करण्याची गरज नाही. आणि कामाची घाण जातीला चिकटलेली असते तोवरच ते काम हीन राहते. सर्व थरांतील माणसे रीतसर शिकून, हातमोजे घालून, दरपत्रक लावून ते करू लागली की त्याची किंमत बदलते. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' असे म्हणणाऱ्या समाजाने शे-दीडशे वर्षांत हा क्रम उलटा करून दाखविला आहे. तेव्हा प्रतिष्ठेचा क्रम अचल नसतो.

स्त्रियांबद्दलही दोन शब्द. घरात पाणी भरावयाचे बाईने आणि नळ जोडावयाचा पुरुषाने, ही विभागणी कोणत्या शास्त्रात बसते? जलजीवन मोहीम सुरू झाली तेव्हा, २०१९ साली, देशातील सुमारे ३ कोटी २३ लाख ग्रामीण कुटुंबांकडे नळ होता. आता ती संख्या १५ कोटींच्या पुढे गेली आहे आणि मोहिमेची मुदत २०२८ पर्यंत वाढविण्यात आली आहे. एवढे नळ बसविले. ते दुरुस्त कोण करणार? सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी ८६,४०० थेंब सांडतो. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी ते चार लिटरांहून अधिक होतात. गावातीलच तीस-चाळीस वर्षांच्या दोन स्त्रियांना हे काम शिकविले तर ग्रामपंचायतीला तालुक्याहून माणूस येण्याची वाट पाहावी लागणार नाही.

काय करता येईल?

पहिली सूचना पैशाची. बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर घेण्याची तरतूद १९९६ साली झाली व नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. हा निधी खर्च न होता पडून राहतो याबद्दल २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली होती. मात्र या मंडळाचा लाभार्थी होण्यास आधी वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे लागते. नवशिक्याला दार पुन्हा बंद. या निधीतून प्रौढ शिकाऊ उमेदवारास पहिल्या वर्षापुरते विद्यावेतन द्यावे आणि त्यास वयाची वरची मर्यादा पन्नास असावी. वर केलेल्या हिशेबातील तूट निम्मी जरी भरली गेली तरी चार महिन्यांत परत फिरणारे पुष्कळ जण टिकतील.

दुसरी सूचना वेळेची. आयटीआयच्या कर्मशाळा सायंकाळी व रविवारी कुलूपबंद का असाव्यात? रात्रशाळा आणि रात्र महाविद्यालये यांची परंपरा ज्या राज्यात आहे तेथे नोकरी सांभाळून दोन वर्षांत नळकाम पुरे करण्याची सोय अवघड नाही. 'कमवा आणि शिका' हा मंत्र कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ज्या भूमीत रुजविला, तेथे तो तरुण विद्यार्थ्यांपुरताच मर्यादित ठेवण्याचे कारण नाही.

तिसरी सूचना परवान्याची. मुंबई, पुण्यासारख्या शहरांत नळजोडणीसाठी परवानाधारक प्लंबर लागतो. परवाना एकाच्या नावावर आणि पाना दुसऱ्याच्या हातात, हा प्रकार अनेकांच्या पाहण्यात असेल. महानगरपालिकांनी आठ-दहा परवानाधारकांचा गट करून त्याला शिकाऊ उमेदवारांच्या दृष्टीने एक आस्थापना मानावे. प्रत्येक शिकाऊ माणसाजवळ कामाची वही असावी. कोणते काम किती वेळा केले याची नोंद उस्तादाने त्यात करावी आणि त्या वहीवर व प्रत्यक्ष परीक्षेवर परवाना मिळावा. म्हणजे सामान वाहण्यात दोन वर्षे गेली की नाही, हे कागदावर दिसेल.

जे स्वतः हा मार्ग धरू इच्छितात त्यांनीही काही पथ्ये पाळावीत. चालू नोकरी एकदम सोडू नये. सुटीच्या दिवशी दोन-तीन महिने कोणाबरोबर तरी काम करून आपले गुडघे आणि मन यांची परीक्षा घ्यावी. जो उस्ताद 'का' हा प्रश्न विचारू देतो तोच निवडावा. अवजारे हळूहळू, पण चांगली घ्यावीत. अपघात विमा आधी उतरवावा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते.

राहता राहिले आपण, म्हणजे या वृत्तपत्राचे शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी असलेले वाचक. आपल्यापैकी अनेक जण गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांवर आहेत. वार्षिक देखभालीचे कंत्राट देताना 'एक प्रौढ शिकाऊ उमेदवार सोबत ठेवावा' अशी अट घालण्यास कोणत्याही सरकारी आदेशाची गरज नाही. काम झाल्यावर रीतसर बिल मागावे व ते घासाघीस न करता द्यावे, यासही नाही. प्रवेशाच्या हंगामात महाविद्यालयांच्या जागा किती वाढल्या याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. पस्तिशीच्या माणसाला नवे कसब शिकविण्यासाठी राज्यात किती जागा आहेत, असा प्रश्न येत्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने विचारावा आणि कौशल्य विकास मंत्र्यांनी त्याचे उत्तर आकड्यांत द्यावे. आकडा लाजिरवाणा निघाला तरी चालेल. सुरुवात तेथूनच करावी लागेल.